आधुनिक वास्तूच्या छायाचित्राचे व्याकरण : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर यांच्या संदर्भात

महानगरांतील नव्या, डोळ्यांत भरणाऱ्या इमारतींची छायाचित्रे हा आता एक स्वतंत्र प्रकार झाला आहे. त्याला स्वतःचे संकेत आहेत, स्वतःचे अभिजात नमुने आहेत आणि प्रत्येक रूढ प्रकाराला असतात तशा स्वतःच्या मर्यादाही आहेत. या प्रकाराची चिकित्सा आजवर मुख्यतः कलेच्या व वास्तुशास्त्राच्या अंगाने झाली. तथापि छायाचित्र हे काही एक विधान करते असे एकदा मान्य केले, की ते विधान कोणत्या काळाचे, कोणत्या अर्थाचे, त्यातील कर्ता कोण, हे प्रश्न व्याकरणाचे होतात. आणि ते त्याच शास्त्राच्या परिभाषेत विचारणे युक्त ठरते. प्रस्तुत टिपणात ते तसे विचारले आहेत. कसोटीसाठी मात्र मुंबई किंवा चंडीगड ही सोयीची उदाहरणे न घेता, कल्याणच्या पुढे कर्जतच्या वाटेवर लोहमार्गाला धरून ओळीने वसलेली उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन शहरे घेतली आहेत. नियम जेथे सुखाने चालतो तेथे तो दिसत नाही. अडतो तेथे दिसतो.

प्रारंभी शब्दांकडे पाहणे इष्ट होईल. मराठीत फोटो ‘काढतात’. हे क्रियापद चित्रकलेकडून आले असले, तरी त्याचा मूळ व्यापार आतले बाहेर आणण्याचा आहे : विहिरीतून पाणी काढावे, काट्याने काटा काढावा, पेटीतून वस्त्र काढावे. अलीकडे वृत्तपत्रांनी ‘टिपणे’ हे दुसरे क्रियापद रूढ केले. पाखरू दाणा टिपते, टीपकागद शाई टिपतो. टिपण्यात वरवरचे व एकेकटे तेवढे उचलले जाते, बाकीचे जागच्या जागी राहते. वास्तूच्या छायाचित्रणाचा सगळा वाद या दोन क्रियापदांत साठवला आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ज्याचे छायाचित्र घ्यावयाचे त्या वस्तूची नावेही अशीच बोलकी आहेत. ‘वास्तु’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूशी नाते सांगतो. ‘इमारत’ अरबीतून फारसीच्या वाटेने आली. तिच्या मुळाशी असलेल्या धातूतही बांधण्याबरोबर वस्ती होणे, नांदते असणे हा अर्थ आहे. म्हणजे दोन अगदी परक्या भाषाकुलांनी घराला नाव देताना राहणाऱ्याला वगळले नाही. त्याला वगळण्याची प्रथा छायाचित्रणाने पाडली.

ही प्रथा पडली कशी, हे समजण्यासाठी या प्रकाराचे श्रेष्ठ नमुनेच पाहावयास हवेत. सामान्य नमुन्यांवरून सिद्धान्त काढणे अन्यायाचे होईल. ल्यूसियाँ एर्वे या हंगेरीत जन्मलेल्या छायाचित्रकाराने १९४९ साली मार्सेय येथे ल कॉर्ब्युझिए यांच्या बांधकामाधीन निवाससंकुलाची एका दिवसात साडेसहाशे छायाचित्रे घेतली आणि त्यानंतर तो त्या वास्तुकाराचा जवळजवळ अधिकृत डोळा झाला. १९५५ व १९६१ साली तो भारतात आला. चंडीगडच्या त्याच्या चित्रांत इमारत संपूर्ण अशी क्वचितच दिसते. उन्हाने कापलेला एखादा कोपरा, सावलीचा काळा त्रिकोण, काँक्रीटचा खरबरीत पोत, एवढेच. तो ठसे कात्रीने निर्दयपणे कापीत असे. माणूस त्याच्या चित्रांत असतो, पण तो बहुधा मापासाठी. वाक्यात ज्याप्रमाणे एखादे परिमाणवाचक विशेषण असावे त्याप्रमाणे. एर्वे थोर होता यात शंका नाही. परंतु त्याच्या अनुकरणातून जे निर्माण झाले ते असे : उभ्या रेषा काटेकोर उभ्या, आकाश निर्मळ, वेळ संध्याकाळची, दिवे नुकते लागलेले, आणि रस्ता रिकामा. भिंग वर सरकवून रेषा सरळ करण्याचे जे काम पूर्वी मोठ्या कॅमेऱ्याला कष्टाने करावे लागे, ते आता खिशातले यंत्र न विचारता करते. संकेत इतका अंगवळणी पडला, की तो संकेत आहे हेच विसरले गेले.

मुंबईचे उदाहरण घ्यावे. कम्बाला हिलवरील चार्ल्स कोरिया यांची ‘कांचनजंगा’ ही १९८३ साली पूर्ण झालेली अठ्ठावीस मजल्यांची इमारत वाचकांना बहुधा तिच्या कोपऱ्यांवरून आठवते. दोन दोन मजले उंचीची ती कोरलेली सज्जे असलेली कोनाडी शेकडो चित्रांत तीच आहेत. वस्तुतः या इमारतीचे मर्म तिच्या छेदात आहे : बत्तीस सदनिका एकमेकींत कशा अडकवल्या आहेत, समुद्राकडून येणारा वारा घरातून आरपार कसा जातो आणि पावसाला व पश्चिमेच्या उन्हाला जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याप्रमाणे कसे थोपवले आहे, यात. वारा छायाचित्रात येत नाही हे खरे. पण वाऱ्यासाठी केलेली योजना जेव्हा केवळ आकार म्हणून टिपली जाते, तेव्हा कारण गाळून कार्य तेवढे सांगितल्यासारखे होते. उलट ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या व मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींचे भाग्य चांगले. २०१८ साली युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तत्पूर्वी, २०१६ पासून ‘आर्ट डेको मुंबई’ या संस्थेने शहरभर घरोघर फिरून नोंदी केल्या. त्यांत जिने आहेत, गजांची नक्षी आहे, दारावरची अक्षरे आहेत. त्या चित्रांत टिपणे कमी आणि काढणे अधिक आहे.

आता मूळ प्रश्न. दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने (१९११) पक्की केलेली आख्यातांची व्यवस्था समोर ठेवली, तर छायाचित्राजवळ त्यांतले काय आहे? स्वार्थ आहे, म्हणजे ‘असे आहे’ किंवा ‘असे होते’ एवढे ते सांगते. आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ त्याला नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला नकार नाही. ‘येथे जिना नाही’ हे वाक्य तिसरीतला मुलगा लिहू शकतो; छायाचित्र ते लिहू शकत नाही, ते केवळ जिना नसलेली भिंत दाखवते आणि नकार पाहणाऱ्यावर सोपवते. आणखी एक उणीव आहे, जी मराठीच्या अभ्यासकालाच चटकन जाणवावी. मराठीत रीतिभूतकाळ आहे : ‘तो जाई’, ‘ती अंगणात बसे’, ‘मुले जिन्यावर खेळत’. बोलण्यात याची जागा आता ‘जायचा’, ‘बसायची’ यांनी घेतली आहे, परंतु अर्थ जिवंत आहे. वास्तूचे आयुष्य याच काळात चालते. घर म्हणजे एकदा घडलेली गोष्ट नव्हे, नित्य घडणारी गोष्ट होय. छायाचित्र ‘बसली आहे’ म्हणू शकते, ‘बसे’ म्हणू शकत नाही. ज्याला हे म्हणता येत नाही त्याने माणसाला चौकटीबाहेर काढून प्रश्नच मिटवावा, हे समजण्यासारखे आहे. समर्थनीय मात्र नाही.

याचे फलित नवी मुंबईत बेलापूर येथे स्पष्ट पाहावयास मिळते. कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात तेथे बैठी घरे अशा रीतीने रचली, की कुटुंब वाढेल तसे घर वाढवता यावे. शेजाऱ्याची भिंत समाईक नसावी म्हणजे कोणाला कोणाचा अडथळा नाही. रहिवाशांनी तसे केलेही, इतके की पुष्कळ घरे आज ओळखू येत नाहीत. परंतु पुस्तकांतून जी चित्रे फिरतात ती बहुधा नुकत्या चुना लावलेल्या, उतरत्या छपरांच्या पहिल्या घरांची. ज्या वास्तूचे तत्त्वच अपूर्णता हे होते, तिला छायाचित्राने पूर्ण भूतकाळात बसवले.

याविरुद्ध एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील राज रेवल यांचे ‘हॉल ऑफ नेशन्स’, १९७२ साली उभे राहिलेले, २०१७ च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत पाडण्यात आले. मदन महट्टा यांनी स्वातंत्र्योत्तर दिल्लीच्या नव्या वास्तूंची जी कृष्णधवल चित्रे घेतली व जी २०१२ साली ‘दिल्ली मॉडर्न’ या प्रदर्शनात एकत्र मांडली गेली, ती आता केवळ कला राहिली नाहीत, पुरावा झाली आहेत. तेव्हा या प्रकारावर टीका करावयाची ती त्याने चित्रे घेतली म्हणून नव्हे, तर कोणाची घेतली नाहीत म्हणून करावयास हवी. येथून पुढे तीन शहरांचा विचार सुरू होतो.

अंबरनाथची हकीकत सर्वांत जुनी. वालधुनीच्या काठचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधील. शिलाहार राजा माम्वाणि याच्या काळचा शिलालेख तेथे आहे. १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेतील मंडळींकडून या देवळाची मोजून रेखाटने व शिल्पांचे साचे करून घेण्यात आले, छायाचित्रेही झाली. भारतातील वास्तूंच्या पद्धतशीर नोंदीचा तो आरंभीचा प्रयोग होता. येथे साचा व छायाचित्र यांतील भेद ध्यानात घ्यावा. साचा दगडाला स्पर्श करतो, छायाचित्र करीत नाही. साच्याला खोली असते, छायाचित्राला खोलीचा आभास असतो. आणि पाहणे म्हणजे वाचणे नव्हे, याचा धडाही याच देवळाने दिला आहे. भाऊ दाजींसारख्या व्यासंगी पंडिताने लेखातील शकाचा आकडा ७८२ असा वाचला. पुढे भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असा वाचला. एका अंकाच्या वळणात दोनशे वर्षे! समोर दगड असता ही गत, तर त्याच्या प्रतिमेवर किती भार टाकावा याचा विचार झाला पाहिजे.

त्याच अंबरनाथात आधुनिक वास्तूही आहेत, आणि त्या सामान्य नव्हेत. विसाव्या शतकातील औद्योगिक बांधणीचे ते चांगले नमुने ठरावेत. परंतु संरक्षण खात्याच्या कारखान्यांचे छायाचित्र घेता येत नाही. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने अशा जागा ‘निषिद्ध स्थान’ ठरवल्या असून त्याच अधिनियमात ‘रेखाटन’ या संज्ञेत छायाचित्राचा समावेश केला आहे. उलट १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचे बावन्नावे कलम कोणत्याही वास्तुकृतीचे चित्र, रेखाटन वा छायाचित्र काढण्यास व प्रसिद्ध करण्यास मोकळीक देते. तेथे मात्र ही तिन्ही नावे वेगवेगळी मोजली आहेत. एक कायदा म्हणतो छायाचित्र हे रेखाटनच, दुसरा म्हणतो ते रेखाटनाहून निराळे. कायद्याच्या भाषेला असे विरोध परवडतात, कारण प्रत्येक संज्ञा आपल्या अधिनियमापुरतीच जगते. अंबरनाथच्या वाट्याला त्यातून आले ते इतकेच : देवळाची चित्रे अगणित, कारखान्याचे एकही नाही, आणि या दोहोंच्या मध्ये जे शहर राहते त्याची कोणाला आठवण नाही.

उल्हासनगरचा प्रश्न याहून गंभीर आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी तळ उभारला गेला. दोन हजारांहून अधिक बराकींचा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथे आश्रय देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या छावणीचे शहर झाले. लांबट, बैठ्या, एकसारख्या बराकी. त्यांत पडद्यांनी व पुढे विटांनी घातलेल्या भिंती. मग पुढे ओढलेली पडवी, पडवीचे दुकान, दुकानावर मजला. उपयुक्ततावादी वास्तुकला, कमीत कमी साधनांचे घर, वाढते घर, या ज्या कल्पना विसाव्या शतकातील वास्तुकारांनी परिसंवादांतून मांडल्या, त्या येथे परिसंवादावाचून अमलात आल्या. बेलापूरला जे योजून झाले, ते उल्हासनगरला गरजेने त्याआधी तीस वर्षे झाले होते. महानगरातील लक्षवेधी आधुनिक वास्तू शोधणाऱ्या छायाचित्रकाराने खरे तर शहाड किंवा विठ्ठलवाडीला उतरावयास हवे होते. तो उतरला नाही, कारण त्याच्या व्याकरणात वास्तूला एकच कर्ता लागतो, आणि तो नाव असलेला लागतो. बराकीला कर्ते हजारो, आणि एकालाही वास्तुकाराची पदवी नाही. कर्त्यावाचून कर्मणी प्रयोग होतो, भावे प्रयोगही होतो; छायाचित्राच्या पुस्तकात मात्र प्रकरण होत नाही.

पुढे बराकींच्या जागी बहुमजली इमारती आल्या. त्यांतील पुष्कळ परवानगीवाचून उभ्या राहिल्या; २००६ साली राज्याला केवळ या एका शहरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. परवानगी नाही, सळई पुरेशी नाही, रेती धुतलेली नाही : या शहराच्या वास्तूचे सत्य नकारांत होते, आणि नकार हे छायाचित्राच्या शक्तीबाहेरचे. रंगवलेला दर्शनी भाग सर्व काही आहे असेच सांगत राहिला. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब एकावर एक कोसळून माणसे मेली, तेव्हा उल्हासनगरची इमारत वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आली. त्या चित्रांत प्रथमच छेद दिसला : फाटलेल्या भिंतीआडचा निळा रंग, लोंबती वायर, भिंतीवरचे न पडलेले घड्याळ, अर्धे स्वयंपाकघर. वास्तुशाळेत ज्याला छेदचित्र म्हणतात तेच हे, परंतु मृत्यूने काढलेले. कांचनजंगेचा छेद पुस्तकात रेषांनी दाखवता येतो. उल्हासनगरच्या इमारतीचा छेद दिसण्यासाठी ती पडावी लागली. या वर्गभेदाकडे छायाचित्राच्या समीक्षेने काणाडोळा करणे हा निव्वळ सौंदर्यशास्त्रीय प्रमाद नव्हे.

बदलापूरला प्रश्न उलट्या दिशेने येतो. तेथे वास्तूच्या आधी चित्र येते. स्थानकाबाहेरच्या फलकांवर जी गगनचुंबी घरे दिसतात, हिरवळीसह, तरणतलावासह, मागे डोंगर व पुढे शांत नदी घेऊन, ती छायाचित्रे नव्हेत. यंत्राने रचलेली दृश्ये आहेत. परंतु त्यांनी वास्तुछायाचित्राचे सगळे व्याकरण जसेच्या तसे उचलले आहे : तोच संधिप्रकाश, त्याच उभ्या रेषा, तेच निर्मळ आकाश. गंमत अशी, की छायाचित्रातून हद्दपार झालेला माणूस येथे परत येतो, पण तो कोठल्याही देशाचा असतो. अर्थाच्या दृष्टीने ही दृश्ये संकेतार्थी आहेत : परवानगी मिळाली तर, पैसा उभा राहिला तर, पाणी आले तर असे होईल. त्यांतला ‘तर’ कोपऱ्यातील बारीक अक्षरांत असतो. चित्र मात्र स्वार्थात बोलते. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या बाराव्या कलमाने जाहिरातीतील खोट्या विधानाबद्दल भरपाई ठरवली, हे व्याकरणाच्या इतिहासातही नोंदवून ठेवण्यासारखे आहे. संकेतार्थाला स्वार्थाचा वेष दिल्याबद्दल दंड करणारा दुसरा नियम सहज आठवत नाही. फलकावरची शांत नदी म्हणजे उल्हास. तिची दुसरी चित्रे २६ जुलै २००५ ची आहेत. आणि २७ जुलै २०१९ ची, जेव्हा बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली व हजारभर प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले. ती चित्रे व हे फलक एकाच जागेचे आहेत, हे ती शेजारी शेजारी ठेवल्यावाचून कोणाच्या लक्षात येत नाही.

शेजारी ठेवणे, हाच बहुधा या प्रकाराच्या उणिवेवर असलेला एक खरा उपाय. जर्मनीतील बेर्न्ड व हिला बेखर या दांपत्याने पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, कोळसाखाणींचे मनोरे यांची चित्रे ढगाळ प्रकाशात, समोरून, एकाच अंतराने घेतली आणि ती जाळीसारखी मांडली. एकटे चित्र विधान करते. अशी मांडणी विधान करीत नाही, ती रूपावली होते. देव, देवास, देवाने असे म्हणताना ज्याप्रमाणे प्रत्ययाकडे लक्ष जाते, त्याप्रमाणे या जाळीत साम्य मागे सरते व फरक पुढे येतो. रूपावलीला नकारही येतो : अमुक ठिकाणी प्रत्यय नाही हे तिच्यात कळते. बेखरांची पद्धतही माणसाला वगळते, आणि तिचे अंधानुकरण झाले तर एका शुष्कतेच्या जागी दुसरी येईल हे मान्य केले पाहिजे. याहूनही टाळावयास हवी ती दुसरीच वाट : ओल आलेल्या भिंती, गंजलेले पत्रे, त्यांसमोर उभी केलेली केविलवाणी म्हातारी. जीर्णतेचे हे सौंदर्य महानगरातून रविवारी येणाऱ्या कॅमेऱ्याला प्रिय असते. राहणाऱ्याला ते विचारीत नाही.

उल्हासनगरच्या बराकी मात्र बेखरांच्या पद्धतीसाठी जणू बनवल्या होत्या. मूळ आकार एकच, मापे एकच, आणि सत्तर-पाऊणशे वर्षांत प्रत्येकीला लागलेले प्रत्यय निराळे. ज्या उरल्या आहेत त्यांची समोरून, एका अंतरावरून, क्रमांकानुसार चित्रे घेऊन ती मांडली, आणि प्रत्येक चित्राखाली तेथे राहणाऱ्यांच्या तोंडची माहिती त्यांच्याच भाषेत, सिंधी असो, मराठी असो, लिहून ठेवली, तर जो रीतिभूतकाळ चित्राला बोलता येत नाही तो त्याच्या खालच्या ओळीत बोलेल. हे काम एकट्या छायाचित्रकाराचे नव्हे व एकट्या भाषाभ्यासकाचेही नव्हे, म्हणूनच ते कोणाच्या अभ्यासक्रमात बसत नसावे. त्याला घाई आहे. पत्रव्यवहारात तेथील पत्ते अजून कॅम्पच्या व बराकीच्या क्रमांकाने लिहिले जातात. बराक पाडून तिच्या जागी पाच मजले चढल्यावरही क्रमांक तोच राहतो आणि टपाल त्या क्रमांकावर पोहोचते.